एका ‘ओ’चा फरक : गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

सोनोग्राफीच्या टेबलावर पोटाला गार जेल लावून पडले होते, तेव्हा मला एक साधा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. “ओव्हरी ठेवल्यात की काढल्यात?”

चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४४व्या वर्षी, माझं ऑपरेशन झालं होतं. मी म्हणाले, “पिशवी काढली आहे.” तपासणाऱ्या डॉक्टर बाई क्षणभर थांबल्या. “ते कळलं हो. पण ओव्हरी? आणि पिशवीचं तोंड?” मी पुन्हा म्हणाले, पिशवी काढली आहे. तिसऱ्यांदा तेच म्हणायची वेळ आली असती तर मी रडलेच असते. पडद्यावर त्यांना अंडाशयं दिसत नव्हती, पण म्हणून ती नाहीतच असंही त्या म्हणेनात. पाळी जायच्या सुमाराला अंडाशयं आक्रसतात, आतड्यातल्या वायूआड गेली तर सापडत नाहीत. “डिस्चार्ज कार्ड बघा,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन कार्ड शोधलं. शस्त्रक्रियेच्या नावापुढे घाईच्या अक्षरात ‘टी.एल.एच. + बी.एस.’ असं लिहिलेलं होतं आणि शेवटच्या ‘एस’पुढे शाईचा एक गोल फराटा. तो पूर्णविराम आहे की इंग्रजी ‘ओ’, हे भिंग लावूनही कळेना. तुमच्या भाषेत ‘टी.एल.एच.’ म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशय मुखासह काढलं. ‘बी.एस.’ म्हणजे दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका काढल्या. ‘बी.एस.ओ.’ म्हणजे नलिकांबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. माझी अंडाशयं पोटात आहेत की नाहीत, हे त्या फराट्यावर ठरणार होतं. दोन वर्षांपासून अंगातून वाफा येत होत्या, रात्री घामाने उशी भिजत होती. ही वयाने आलेली रजोनिवृत्ती की ऑपरेशनच्या दिवशीच आलेली? पुढे हाडांची आणि हृदयाची काळजी कशी घ्यायची, हार्मोनच्या गोळ्यांचा विचार करायचा का, सगळं त्या एका अक्षराला टांगलेलं.

ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण तक्रार एका रुग्णालयाची नाही. त्यानंतर मी ओळखीतल्या, ऑपरेशन झालेल्या बायकांना विचारत सुटले. बहुतेकींचं उत्तर माझ्यासारखंच. पिशवी काढली.

दोष थोडा आमच्या शब्दाचाही आहे. पिशवी म्हटलं की खुंटीवरून काढून घेण्याची वस्तू डोळ्यांसमोर येते. ती कशाकशाला जोडलेली आहे, तिच्याबरोबर काय येतं आणि काय मागे राहतं, असे प्रश्न त्या शब्दाला पडतच नाहीत. हा शब्द तुम्हीही उचललात, आम्हाला समजावं म्हणून. हेतू चांगला होता. पण त्या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळ्या शस्त्रक्रिया झाकल्या जातात आणि त्यांतली कोणती झाली, हे जिच्यावर झाली तिलाच ठाऊक नसतं.

मग मी वाचायला बसले. जे मला ऑपरेशनआधी दहा मिनिटांत सांगता आलं असतं, ते कळायला दोन महिने लागले. माझ्या समजुतीत चूक असेल तर सुधारा, पण आधी ऐकून घ्या.

सगळ्यात मोठा गोंधळ ‘टोटल’ या शब्दाचा. ‘टोटल काढलं’ म्हटलं की कुणालाही वाटतं, गर्भाशय, नलिका, अंडाशयं, सगळं गेलं. तुमच्या भाषेत मात्र टोटल म्हणजे गर्भाशय आणि त्याला खाली जोडलेलं गर्भाशयमुख, एवढंच. अंडाशयांचा त्यात उल्लेखच नाही. ती काढली तर वेगळं लिहावं लागतं. गर्भाशयमुख जागेवर ठेवून फक्त वरचा भाग काढला तर ती अर्धवट किंवा सबटोटल शस्त्रक्रिया. म्हणजे जिचं ‘सबटोटल’ झालं तिचीही अंडाशयं काढलेली असू शकतात आणि जिचं ‘टोटल’ झालं तिची दोन्ही शाबूत असू शकतात. सामान्य माणसाने या शब्दांवरून काय अर्थ काढावा?

सबटोटल, टोटल आणि अंडाशयांसह टोटल, हे तीन प्रकार झाले. चौथा प्रकार रॅडिकल, तो मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. त्यात गर्भाशय आणि मुखाबरोबर आजूबाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा थोडा भागही काढतात. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही सहसा त्याच वेळी काढतात किंवा तपासतात. ही शस्त्रक्रिया मोठी, आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांना धक्का लागण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे नंतर काही दिवस किंवा आठवडे लघवी नीट न होण्याचा त्रास होऊ शकतो. या प्रकाराबद्दल मी फार बोलणार नाही. कॅन्सरच्या रुग्णाला तुम्ही वेळ देता, चित्र काढून समजावता, हे मी पाहिलं आहे. गर्भाशयातल्या साध्या गाठी आणि रक्तस्रावासाठी आलेल्या बाईच्या वाट्याला ते चित्र येत नाही.

गर्भाशयमुख ठेवलं की काढलं, याने काय बिघडतं? माझ्या एका मैत्रिणीचं ठेवलेलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की अशा वेळी काही बायकांना दर महिन्याला थोडा डाग दिसत राहतो, कारण मुखाच्या वरच्या टोकाला आतल्या अस्तराचा अंश उरलेला असू शकतो. पिशवी काढल्यावर पाळी आली म्हणून ती इतकी घाबरली की आठवडाभर घरात कुणाला सांगितलंच नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मुख जागेवर असेल तर त्याच्या कॅन्सरची नियमित तपासणी चालूच ठेवावी लागते. जिचं मुखही काढलंय आणि आधी कधी पेशींत गंभीर बदल सापडले नव्हते, तिला ती तपासणी सहसा लागत नाही. मैत्रीण सहा वर्षं तपासणीला गेली नव्हती. “पिशवीच नाही तर तपासायचं काय?” हे तिचं म्हणणं, आणि तिच्या माहितीनुसार ते अगदी तर्काला धरून होतं.

मुख ठेवलं की लघवीवरचा ताबा आणि शरीरसुख चांगलं राहतं, असं पूर्वी सांगितलं जाई. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही प्रकारच्या बायकांची वर्षभरानंतर तुलना केली गेली, तेव्हा मूत्राशय, आतडी आणि लैंगिक आयुष्य यांत फरक आढळला नाही. ठेवायला इतर कारणं असू शकतात. मुख मूत्राशयाला घट्ट चिकटलेलं असेल तर ते सोडून देणं शहाणपणाचं ठरतं, हे मला पटतं. ठेवलंत तर सांगा, एवढंच.

आता अंडाशयं. इथे माझा आवाज थोडा चढेल, तो सहन करा. “आत जातोच आहोत तर जाता जाता ओव्हरीही काढून टाकू, पुढची कटकट नको” हे वाक्य किती बायकांनी ऐकलं असेल! पाळी चालू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशयं काढली की रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. निसर्ग जे काही वर्षांत हळूहळू करतो ते एका दुपारी होतं. वाफा, झोपमोड, योनीचा कोरडेपणा हे दिसणारे त्रास. न दिसणारे म्हणजे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा वाढता धोका. म्हणूनच पन्नाशीच्या आत अंडाशयं काढलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. गर्भाशय नसल्याने बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं, प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. पण अंडाशयं काढली आहेत हेच तिला माहीत नसेल तर ती हा प्रश्न कुणाला आणि कसा विचारणार?

भीती कॅन्सरची घातली जाते. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता एक-दीड टक्क्याच्या आसपास आहे. घराण्यात बीआरसीएसारख्या जनुकातला दोष असेल तर हिशेब पूर्ण बदलतो, तिथे अंडाशयं काढणं जीव वाचवू शकतं. बाकीच्यांसाठी मधला रस्ता तुम्हीच शोधला आहे. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेचसे घातक कॅन्सर मुळात गर्भनलिकेच्या टोकाला सुरू होतात, हे लक्षात आल्यापासून नलिका काढायच्या आणि अंडाशयं ठेवायची, ही पद्धत रुळली. तीच ती बी.एस. फार हुशारीची गोष्ट आहे ही. जिच्यावर केली तिलाही ती कळू द्या.

अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती काही वर्षं लवकर येऊ शकते, आणि पाळी आधीच थांबलेली असल्याने ती आल्याची खूणही मिळत नाही. हेही आधी सांगण्यासारखं आहे. मला हे ठाऊक असतं तर त्या वाफांना मी दोन वर्षं ‘कामाचा ताण’ म्हटलं नसतं.

काय काढायचं हा एक प्रश्न, कुठून काढायचं हा दुसरा. आम्ही बायका या दोन्हींची गल्लत करतो. “माझं दुर्बिणीतून झालं” असं सांगितलं की सगळं सांगून झालं असं वाटतं. दुर्बीण हा रस्ता झाला. त्या रस्त्याने चारपैकी कोणतीही शस्त्रक्रिया होऊ शकते.

पोटावर छेद घेऊन करायचा रस्ता जुना. छेद बहुधा बिकिनी रेषेवर आडवा असतो. गाठ फार मोठी असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर बेंबीपासून खाली उभा. योनीमार्गे केली तर बाहेर एकही टाका दिसत नाही. अंग बाहेर आलेल्या बायकांसाठी हाच रस्ता प्रामुख्याने वापरतात, पण तेवढ्यांपुरताच तो नाही. साध्या, कॅन्सर नसलेल्या आजारात जिथे शक्य असेल तिथे योनीमार्ग पहिला विचारात घ्यावा, असं तुमच्याच जाणकारांचं म्हणणं आहे. तिसरा रस्ता दुर्बिणीचा. अमेरिकेतल्या हॅरी राइक यांनी १९८८ साली पहिल्यांदा दुर्बिणीने गर्भाशय काढलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवतात, तीन-चार छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात आणि सुटं केलेलं गर्भाशय बहुधा योनीतूनच बाहेर घेतात. रोबोट हा त्याचाच महागडा भाऊ. हत्यारं यंत्राच्या हातात, यंत्र तुमच्या हातात.

नवा रस्ता तो चांगला रस्ता, असा आमचा समज असतो आणि कधीकधी तुमचाही. २०१८ साली गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रॅडिकल शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या बायकांपैकी ९६.५ टक्के साडेचार वर्षांनी आजारमुक्त होत्या, दुर्बीण किंवा रोबोटने केलेल्यांपैकी ८६ टक्के. त्याआधी २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाठी पोटातच बारीक तुकडे करून काढण्याच्या यंत्राबद्दल इशारा दिला होता. गाठींसाठी ऑपरेशन होणाऱ्या सुमारे ३५० बायकांत एकीच्या गाठीत न ओळखलेला सार्कोमा, म्हणजे एक घातक कॅन्सर, असू शकतो आणि तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. त्या २०१८च्या चाचणीत तुमच्या क्षेत्राने आपली चूक आपणच मोजली आणि छापली, याचं मला कौतुक वाटतं. ज्यांना स्वतःच्या पद्धतीवर असं बोट ठेवता येतं त्यांना एक अर्ध्या पानाचा कागद जड जाऊ नये.

कागद म्हणजे काय, ते सांगतेच. त्याआधी ऑपरेशनच्या दिवसाबद्दल आणि नंतरच्या आठवड्यांबद्दल बोलू द्या, कारण तिथेही शब्द अपुरे पडतात.

माझी पूर्वतयारी व्यवस्थित झाली. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, ते आधी शिरेतून लोह देऊन वाढवलं. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर नाही याची खात्री केली. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवता येते, गाठींचा रक्तपुरवठा बंद करता येतो, नुसत्या गाठी काढून गर्भाशय ठेवता येतं, हे मात्र मला ऑपरेशननंतर वाचून कळलं. कदाचित माझ्या बाबतीत त्यातलं काही चाललं नसतं. “तुमची पिशवी १४ आठवड्यांची झाली आहे” असं मला सांगितलं गेलं, आणि मी खुळ्यासारखी, माझ्या पोटात १४ आठवड्यांपासून काय आहे याचा विचार करत बसले. गाठींमुळे गर्भाशय चौदा आठवड्यांच्या गरोदर बाईच्या गर्भाशयाएवढं मोठं झालंय, असा त्याचा अर्थ. एरवी ते मुठीएवढं, सात-आठ सेंटिमीटर लांबीचं असतं.

भूल पूर्ण दिली होती. काही शस्त्रक्रिया मणक्यातल्या इंजेक्शनवरही होतात. छेदाआधी प्रतिजैविकाचा डोस, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घट्ट मोजे, लघवीसाठी नळी. यातलं काहीच भीतीदायक नव्हतं, कारण प्रत्येक गोष्ट करण्याआधी सिस्टर सांगत होत्या. त्या विभागाला माझा नमस्कार.

धोके संमतीपत्रावर छापलेले होते आणि सही घेताना पान पटकन उलटलं गेलं. त्यातला एक मला नंतर समजला आणि तुमच्याबद्दलचा आदर दुणावला. मूत्रपिंडातून येणारी मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीच्या खालून जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून. शिकताना तुम्ही ते ‘पुलाखालून पाणी’ असं लक्षात ठेवता म्हणे. तो पूल बांधून कापायचा आणि खालच्या पाण्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे किती नाजूक काम असेल! ती वाहिनी दुखावणं विरळ आहे, पण घडलं तर ते काही वेळा लगेच कळत नाही. दिवसांनी कंबरेच्या एका बाजूला दुखतं, ताप येतो, किंवा योनीतून पाण्यासारखं सतत गळतं. हे मला सांगून ठेवलं असतं तर मी घाबरले नसते, नुसती सावध राहिले असते.

पहिल्या रात्री पोटापेक्षा खांदा दुखला. मला वाटलं ऑपरेशनच्या टेबलावर हात अवघडला. खरं कारण पोटात उरलेला वायू. तो श्वासपटलाला डिवचतो आणि त्या नसेचं दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. हे एक वाक्य आधी कानावर पडलं असतं तर ती रात्र वेगळी गेली असती.

घरी पाठवताना दोन वाक्यं मिळाली. “जड उचलू नका” आणि “आराम करा.” डॉक्टर, जड म्हणजे किती? आम्हाला पाण्याने भरलेली बादली जड वाटत नाही, रोजचीच असते. दोन वर्षांचं मूल जड वाटत नाही, ते आपलं असतं. सहा आठवडे साधारण चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, असा आकडा सांगितला तर बादली आणि मूल दोन्ही आपोआप यादीत येतात. आणि आराम म्हणजे? मी चार दिवस पलंगावर पडून राहिले. पायांत गुठळ्या होऊ नयेत आणि आतडी चालू राहावीत म्हणून पहिल्या दिवसापासून थोडंथोडं चालायचं असतं, हे उलटंच निघालं. चौथ्या दिवशी पोट साफ होईना, कुंथायला भीती वाटे, तेव्हा फोन केला. मऊ करणारं औषध सुरुवातीपासूनच देता आलं असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची एक फसवणूक आहे. बाहेर नखाएवढ्या तीन-चार खुणा असतात, त्यामुळे घरच्यांना आणि स्वतःलाही दोन आठवड्यांत वाटतं, झालं की! आतलं काम तेवढंच मोठं झालेलं असतं. गर्भाशयमुख काढलं असेल तर योनीचं वरचं टोक टाके घालून बंद केलेलं असतं. तो टाका पूर्ण भरायला वेळ लागतो. म्हणून किमान सहा आठवडे, आणि काही डॉक्टर सांगतात त्याप्रमाणे आठ ते बारा आठवडे, शरीरसंबंध नाही, योनीत काहीही घालायचं नाही. हे सांगताना बरेच डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. आमच्याकडे बघून सांगा, आणि नवरा बरोबर आला असेल तर त्याच्याकडे बघूनही. तो टाका उसवणं फार विरळ आहे, पण उसवला तर तातडीची वेळ येते.

पोटावर छेद असेल तर कामावर परतायला सहा ते आठ आठवडे, योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून झालं तर सहसा दोन ते सहा. आकड्यांत इतकं अंतर का, तर बसून करायचं काम वेगळं आणि दिवसभर उभं राहून ओझी उचलायचं वेगळं. दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला टाके विरघळताना थोडा लाल-तपकिरी स्राव वाढतो, तो घाबरण्याचा नव्हे. तासाभरात पॅड भिजणं, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, घाण वासाचा स्राव, लघवी न होणं, वाढत जाणारी पोटदुखी, एकाच पोटरीला सूज किंवा एकदम दम लागणं, ही मात्र लगेच दवाखाना गाठायची लक्षणं. आणि थकवा. महिनाभराने जिना चढताना मधेच बसावं लागलं तेव्हा मला वाटलं, आपणच नाजूक. तसं नव्हतं, हे खूप उशिरा कळलं.

मन खट्टू होतं का? काहींचं होतं. माझं झालं नाही. बारा वर्षं दर महिन्याला गादी भिजेल या भीतीने झोपलेल्या बाईला पहिल्या कोरड्या महिन्यात काय वाटतं, ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. तुमच्या हातांनी मला आयुष्य परत दिलं. पण त्या हातांनी काय केलं, ते मला सांगितलं नाही.

वाचता वाचता एक जुनी गोष्ट सापडली. जर्मन शल्यविशारद कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ साली योनीमार्गे गर्भाशय काढलं, ठरवून केलेली ही पहिली अशी शस्त्रक्रिया मानतात. बाई वाचली, पण त्यांच्या सहकाऱ्यांना ते खरं वाटेना. दाखवायला पुरावा उरला नव्हता. सुमारे २६ वर्षांनी ती बाई वारली, शवविच्छेदन झालं आणि मग सिद्ध झालं की गर्भाशय खरंच काढलेलं होतं. दोनशे वर्षं उलटून गेली. आपल्या पोटात काय आहे हे कळायला तिला मरावं लागलं, मला दोन महिने रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी उभं राहावं लागलं. प्रगती आहेच म्हणायची.

त्या खिडकीतून शेवटी मला जे मिळालं ते ऑपरेशनचं टिपण नव्हतं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट होता. काढलेला प्रत्येक अवयव तपासणीला जातो आणि प्रयोगशाळा त्याची नोंद करते, हेही मला माहीत नव्हतं. तो रिपोर्ट मी कधी न्यायलाच गेले नव्हते, कुणी बोलावलंही नव्हतं. त्यात लिहिलं होतं : गर्भाशय, मुखासह, वजन ३१० ग्रॅम. स्नायूंच्या गाठी, चार. दोन्ही गर्भनलिका. कॅन्सरची चिन्हं नाहीत. अंडाशयांचा उल्लेख कुठेच नाही. म्हणजे तो फराटा पूर्णविराम होता. मी खिडकीशीच हसायला लागले, तर मागच्या माणसाने घाईने पुढे सरकायला सांगितलं.

म्हणून हे मागणं. घरी सोडताना प्रत्येक बाईच्या हातात अर्ध्या पानाचा एक कागद द्या, तिच्या भाषेत आणि सुवाच्य. लघुरूपं नकोत. काय काढलं, काय ठेवलं. डावं अंडाशय आहे का, उजवं आहे का. गर्भाशयमुख आहे का, आणि त्याची तपासणी पुढे करायची का. कोणत्या रस्त्याने, आणि ठरलेला रस्ता मधेच बदलावा लागला असेल तर का. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कधी आणि कुठून घ्यायचा. किती किलो, किती आठवडे. आणि हेच सगळं, ‘काढणार’ आणि ‘ठेवणार’ अशा भविष्यकाळात, सही घेण्याआधी. आत गेल्यावर अंडाशय आजारी दिसलं तर काय करायचं, हे तिला शुद्धीवर असताना विचारा. नातेवाईकांना थिएटरच्या दारात विचारू नका.

माझ्यापुरता असा कागद मी स्वतःच लिहून ठेवला आहे. पाकिटात, रक्तगटाच्या कार्डामागे. गर्भाशय नाही. मुख नाही. नलिका नाहीत. दोन्ही अंडाशयं आहेत. पुढच्या वेळी टेबलावर झोपण्याआधीच तो दाखवेन.

आपली,
तुमच्या असंख्य रुग्णांपैकी एक